चूल दाराबाहेर

डिगोरीनं पहार उचलली, तेव्हा केझायानं चुलीवरचं भांडं तेवढं उतरवून घेतलं. आत सलगम, कांद्याची पात आणि खारवलेल्या डुकराचा एक तुकडा शिजत होता. पहिल्या घावाला धुराड्यातली काजळी खोलीभर पसरली.

"वहिनी, मला सांगितलंय तेवढंच मी करतोय," डिगोरी म्हणाला. तो गवंडी. गावच्या जमीनदार लॉर्डसाहेबांच्या कामावरच त्याचं पोट.

"कर की. विटा नीट काढ फक्त. मला लागतील."

ट्रेगॅरो गावात मताचा हक्क चुलीवर होता. ज्याची चूल स्वतःची, जो दुसऱ्याच्या ताटाचा मिंधा नाही, त्याला मत. घर मात्र लॉर्डसाहेबांचं. तिचा नवरा जेबेझ चांभार. या खेपेला आपण सुधारणावाल्या उमेदवाराला, टॅलकना, मत देणार, असं तो दुकानात बसून उघड बोलला होता. मँचेस्टरएवढ्या शहराला पार्लमेंटात एक खासदार नाही, आणि आपल्या चार गल्ल्यांना दोन, हे त्याला पटत नव्हतं. म्हणून मतदानाच्या आदल्या दिवशी लॉर्डसाहेबांचा कारभारी हॉब्लिन यानं त्याची चूलच काढायला माणूस धाडला.

केझायानं चार विटा दाराबाहेर, रस्त्याच्या कडेला मांडल्या. काटक्या पेटवल्या. भांडं पुन्हा चढलं. शेजारणी उंबऱ्यांत आल्या.

दुपारी हॉब्लिन घोड्यावरून आला. बाथ शहरातून येऊन त्याला सात वर्षं झाली होती, तरी गावात तो पाहुणाच होता.

"काय बाई, उघड्यावर संसार?"

"हवा छान आहे साहेब."

तिनं वाडगा भरून डिगोरीपुढे धरला. डिगोरीनं तो घेतला नाही. चुन्यानं पांढरे झालेले हात त्यानं विजारीला पुसले, वाडग्याकडे पाहिलं, मग केझायाकडे. ती काय मागत होती ते त्याला कळलं होतं. समोरच्या म्हातारीनं हातातलं विणकाम खाली ठेवलं.

"खा रे," हॉब्लिन हसून म्हणाला. "या चुलीवरचं शेवटचंच आहे."

डिगोरी विटांच्या ढिगावर बसला आणि त्यानं दोन वाडगे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी बाजारातल्या लाकडी मंचावर मतदान सुरू झालं. मत मोठ्यानं बोलून द्यायचं, सगळ्या गावादेखत. बायका खाली, दोरीपलीकडे. जेबेझ चढला तसा हॉब्लिन उठला.

"या माणसाच्या घरात चूल नाही. जाऊन बघा."

मंचावर बसलेले गावप्रमुख म्हातारे होते. ते सावकाश म्हणाले, "हक्काला हरकत आली तर दारासमोर शिजवायचं आणि परक्या माणसाला जेवू घालायचं, अशी इथली जुनी रीत आहे. घरचंच कुणी जेवलं असेल, किंवा घरच्यांनी जेव म्हणून आग्रह केला असेल, तर ते चालत नाही. कुणी जेवलंय का?"

हॉब्लिनचा चेहरा उतरला. केझायानं मागे वळून पाहिलं नाही.

"मी जेवलो," गर्दीतून डिगोरी म्हणाला. "दोन वाडगे. मीठ थोडं कमी होतं."

"घरच्यांपैकी कुणी म्हणालं होतं का जेव म्हणून?"

"नाही. हॉब्लिनसाहेब म्हणाले."

हसणं मंचाच्या फळ्यांपर्यंत पोचलं. जेबेझनं टोपी काढली आणि टॅलकचं नाव इतक्या मोठ्यानं घेतलं की त्याच्या मानेच्या शिरा केझायाला खालून दिसल्या. सकाळपासून टॅलकना पडलेलं ते सातवं मत. त्यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या लॉर्डसाहेबांच्या भाच्याला एव्हाना साठ झाली होती. महिना संपायच्या आत घर सोडावं लागणार, हे तिला कालच ठाऊक होतं.

"डिगोरी पॉल्गलेझ," कारकुनानं पुढचं नाव पुकारलं.

डिगोरी चढला. हॉब्लिन त्याच्याकडे बघत राहिला. डिगोरीनं त्याला अदबीनं मान लववली, आणि जेबेझनं घेतलं होतं तेच नाव घेतलं.

कारकुनाचा टाक थबकला. त्यानं आधीच भाच्याच्या रकान्यात रेघ ओढून ठेवली होती.

"आता खोडावं लागेल," तो कुरकुरला.

"खोडा की," डिगोरी म्हणाला. "मी थांबतो."