टेकडीवरचा नळ आणि मी

“चढताना देवाचं नाव घ्या, आणि जमेल तेवढंच बोला,” असं जानकीबाईंनी टेकडीवर मतं मागायला निघालेल्या नवऱ्याला बजावून पाठवलं होतं. शिवदासने देवाचं नाव तेवढं घेतलं.

मित्रांनो, मी घाटकोपरच्या एका किराणा दुकानातलं जुनं सागवानी स्टूल आहे. फाळणीनंतर कराचीहून बोटीने आलेल्या शिवदासने मला सुताराकडून करवून घेतलं, वरच्या फळीवरचे डबे काढायला. तीसेक वर्षं माझ्यावर चढून त्याने साबुदाणा, गूळ, उदबत्त्या काढल्या. माझा एक पाय डुगडुगतो, पण मी कुणाला कधी पाडलं नाही. जानकीबाई मला रोज ओल्या फडक्याने पुसत.

पुढे त्याला निवडणुकीचं वेड लागलं. मला टेकडीवरच्या वस्तीत नेलं आणि माझ्यावर उभा राहून तो म्हणाला, “निवडून द्या, इथे पाणी आणतो. माझा शब्द.”

तो नगरसेवक झाला. चौऱ्याऐंशीत लोकसभेची निवडणूक आली तेव्हा कुठे त्याला नळ आठवला. घाईघाईत नळ बसवला, हार घातला, नारळ फोडला. खालची पाण्याची वाहिनी मात्र जोडलीच नव्हती! तोटीतून नुसती हवा. वस्तीतल्या म्हाताऱ्या मालनबाई म्हणाल्या, “भाऊ, आता या नळाला रोज आम्हीच पाणी घालायचं का?” सगळे हसले. तोही हसला. काय म्हणावं या माणसाला?

तो खासदार झाला. तिकडे देशभरच्या नद्यांवर बोलू लागला. इकडे माझ्यावर रिकाम्या पोत्यांचा ढीग. मालनबाई दर सोमवारी दुकानात येऊन नळाचं विचारत आणि जानकीबाई मान खाली घालून ऐकत. मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तर बसू द्या. पण उंचावर उभं राहून जे बोललात, ते खाली उतरल्यावर विसरू नका.

पुढच्या वैशाखात जानकीबाईंनी नेम धरला. नळाला पाणी येईपर्यंत रोज एक कळशी मालनबाईंकडे पोचवायची, मगच जेवायचं. साठीच्या बाई, गुडघे दुखरे. शिवदास सत्कारासाठी दिल्लीहून आला, तर त्या कळशी घेऊन दारात. तो चिडला. लोक काय म्हणतील, नोकर पाठवू, म्हणाला.

“नेम नोकराकडून होत नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “शब्द या घरातून गेलाय.”

त्याने पोती बाजूला केली आणि माझ्यावर बसला. कळशीकडे बघत पुटपुटला, “उद्यापासून मी नेतो. वाहिनी जोडेपर्यंत.”

“आज का नको?”

त्याने बाहेर उभी असलेली गाडी परत पाठवली. कळशी खांद्यावर घेतली. मालनबाईंचं घर कुठल्या वळणावर, हे त्याला विचारावं लागलं. जानकीबाईंनी हाताने दाखवलं, आणि तो टेकडीच्या पायऱ्यांकडे निघाला.