नवरीचा बाप आणि गुलशन बँड

केजच्या न्यू गुलशन बँडला ज्यानं परण्यात ऐकलं नाही, त्यानं माझ्याशी संगीतावर बोलूच नये. बोलला तर मी उठून जातो. नावातलं 'न्यू' तेवढं नवं, वाजवणारे सगळे आमच्या लग्नाआधीपासूनचे. शफी मास्तर क्लॅरिनेट वाजवतात. त्यांचे पुढचे दात गेले तेव्हा लोक म्हणाले, संपला बँड. मास्तरांनी कवळी बसवली आणि सूर उलट गोड झाला. तेलगावच्या एका लग्नात ती कवळी उडाली, तर आधी तान पुरी केली आणि मग वाकून शोधली. असा माणूस आता होणे नाही.

परण्या म्हणजे नवरदेव मारुतीच्या पाया पडून वाजतगाजत मांडवाकडं येतो तो. बोलावणं असो नसो, गुलशनचा परण्या म्हटलं की मी आणि माझा दोस्त त्रिंबक हजर. मुलीकडच्यांना वाटायचं आम्ही मुलाकडचे, मुलाकडच्यांना वाटायचं आम्ही मुलीकडचे. जेवायला दोघंही आग्रह करायचे. मी बाजूनं ऐकत चालायचो. त्रिंबक मात्र बँडच्या पुढं, मास्तरांकडं तोंड करून, उलटा नाचत जायचा.

त्याचा पुतण्या युवराज पुण्यात एका रॉक बँडच्या कार्यक्रमाला जाऊन आला. आल्याआल्या म्हणाला, "काका, गाणारा सत्तरीचा हाय, तरी स्टेजवर उड्या मारतोय!"

"सावलीत मारतोय ना बे?" त्रिंबक म्हणाला. "आमचे मास्तर उन्हात, घोड्याच्या लाथा चुकवत वाजवतेत."

 

मग त्रिंबकच्या लेकीचं, रोहिणीचं, लग्न जमलं. गेवराईकडचा अभिमन्यू, चांगला पोरगा, पण त्याच्या घरच्यांना डीजे पाहिजे होता. रोहिणीनं फोनवर सांगितलं, "गुलशन असंल तर लग्न. न्हाईतर तुमी डीजेसंगंच लावा." विषय मिटला. त्रिंबकनं नाचायला पांढरे बूट आणले आणि महिनाभर गोठ्यात तालीम केली. म्हशीनं दूध कमी केलं, तरी त्यानं ऐकलं नाही. लेकीच्या परण्यात नाचायचं, एवढं एकच त्याचं मागणं होतं.

लग्नादिवशी तो बूट घालून मारुतीकडं निघाला, तर त्याच्या बायकोनं, विमलबाईनं, मागून सदरा धरला.

"कुठं निघालात? नवरीच्या बापानं मांडवाच्या दारात थांबायचं असतंय. नवरदेवाला कुंकू कोन लावनार, तुमचा मास्तर?"

त्रिंबकनं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं. इतकी लग्नं नाचून काढली, पण नवरीचा बाप कुठं असतो हे आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. आमचं सगळं ध्यान बँडमध्ये. त्रिंबकच्या हातात कुंकवाचं ताट आलं आणि त्याचं तोंड एवढंसं झालं. मला लई वाईट वाटलं, पण मी गेलो परण्याला. दोघांनी कशाला चुकवायचं?

तिथं वेगळंच. मास्तरांनी सुरुवात केली आणि बँड विस्कटला. क्लॅरिनेट गाणं संपवून मोकळं, ढोल अजून पहिल्याच कडव्यात. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. घोडा अवघडून उभा राहिला. मास्तरांनी कपाळ पुसलं.

"त्रिंबकभाऊ किधर है?" ते म्हणाले. "आमाला कानानं कमी ऐकू येतंय. सगळे त्याच्या पायावर ठेका धरतोत. लई वर्षं झाली."

मी थक्क झालो. आम्ही ज्याला मास्तरांचा ठेका समजत होतो, तो त्रिंबकचा होता! धोतर सावरत मांडवाकडं पळालो आणि धापा टाकत सांगितलं. मुहूर्त जवळ आलेला. त्रिंबकचे बूट जागच्या जागी हलायला लागले, पण विमलबाई आडव्या झाल्या.

"दार मोकळं सोडायचं का? लोक शेण घालतील तोंडात!"

तेवढ्यात हळदीच्या अंगानं, मुंडावळ्या बांधलेली रोहिणी बाहेर आली आणि तिनं बापाच्या हातातलं ताट घेतलं.

"दारात मी थांबते. आबा, पळा तुमी."

नवरीच स्वतःच्या मांडवाच्या दारात! विमलबाईंनी डोक्याला हात लावला. त्रिंबक मात्र केव्हाच वेशीपार गेला होता.

त्यानंतर गुलशन जो वाजला, काय सांगू! घोडासुद्धा ठेक्यात चालला. अभिमन्यू वरून टाळ्या वाजवत होता. त्रिंबक उलटा नाचत नाचत थेट दारापर्यंत आला आणि वळला, तर समोर ताट घेतलेली रोहिणी. तो क्षणभर थबकला. मग मास्तरांना ओरडला, "आजून एक!"

मास्तरांनी वाजवलं. त्रिंबक आणखी जोरात नाचला. "आजून एक!" भटजींनी घड्याळ दाखवलं. "आजून एक!" घाम आणि डोळ्यांतलं पाणी एकच झालं होतं, तरी तो कोणाला ऐकेना. मला आधी वाटलं, नाचाचा कैफ चढलाय. मग कळलं. बँड थांबला की लग्न लागणार होतं.

रोहिणीनं ताट आईकडं दिलं, पुढं येऊन बापाचे दोन्ही हात धरले आणि त्याच्यासोबत नाचली. हसत होती, रडत होती. विमलबाईंनी पदर डोळ्यांना लावला. गाणं संपत आलं तशी रोहिणी हळूच म्हणाली, "आबा, आता जाऊ द्या ना मला."

त्रिंबकचे पाय थांबले, आणि पायांबरोबर बँडही.