उलट तारांची निळी केबल

मित्रांनो, अंगावर धूळ आहे म्हणून मला सुतळी समजू नका. मी एक जुनी निळी केबल आहे. दोन संगणकांना थेट जोडायचं आणि एकातलं दुसऱ्यात पोहोचवायचं, हे माझं काम. हल्ली फायली हवेतूनच ये-जा करतात, म्हणून माझा मुक्काम खिळ्यावर आहे.

माझा जन्म एका बूट बनवणाऱ्या आजोबांच्या घरी, जेवणाच्या टेबलावर झाला. ज्या मुलांची पावलं जन्मतः वाकडी असतात, त्यांच्यासाठी ते खास बूट बनवायचे. काय हात होता त्यांचा! प्रत्येक पावलाचं चित्र त्यांच्या जुन्या संगणकात होतं. मूल वाढलं, की जुन्या चित्राशेजारी नवं ठेवून पाऊल किती सरळ झालं ते पाहायचे आणि मगच कातडं कापायचे. पण आता तो संगणक शेवटच्या घटका मोजत होता. जरा चालला की तापायचा आणि बंद पडायचा. पेन ड्राइव्हला तर ओळखही दाखवायचा नाही. चित्रं गेली असती, तर त्या पोरांचे बूट पुन्हा अंदाजाने करावे लागले असते.

सून टेलिफोन दुरुस्तीच्या कामावर होती. तिने नवा संगणक आणला आणि मला स्वतःच्या हाताने घडवलं. माझ्या पोटात आठ तारा आहेत. एका टोकाला तिने त्या नेहमीच्या क्रमाने बसवल्या, दुसऱ्या टोकाला काही उलट.

"चुकलीस गं," आजोबा म्हणाले.

"नाही बाबा. सरळ लावल्या तर दोघेही एकाच तारेवर बोलतील आणि ऐकायला कोणीच नसेल. एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाशी यायला हवं."

"म्हणजे या घरासारखं नको," आजी आतून म्हणाल्या.

तरी गाडी अडलीच. दोन्ही संगणकांना नंबर द्यायचं काम आजोबांनी हौसेने घेतलं होतं आणि दोघांनाही एकच नंबर दिला होता. "घर एक, मग नंबर दोन कशाला?" सून पोट धरून हसली. "बाबा, वर्गात दोघांचा हजेरी नंबर एकच असला, तर बाई हाक कोणाला मारणार?" तिने नंबर बदलला आणि माझ्या दोन्ही टोकांशी हिरवे दिवे लुकलुकले. तो आनंद मी आजही विसरले नाही.

"वाढते पाय आधी घे," आजोबा म्हणाले. "हिचे शेवटी."

आजींच्या पावलांचं चित्रही त्यात होतं. त्यावरूनच ते दर वर्षी त्यांना बूट करून द्यायचे.

संगणक बंद पडायचा, सून त्याच्यावर पंखा धरायची, तो निवला की आम्ही पुन्हा कामाला लागायचो. एकेक करून सगळी पोरं पलीकडे पोहोचली. आजींची पाळी आली आणि जळका वास सुटला. तो संगणक पुन्हा उठला नाही.

आजोबा आजींकडे वळले. "तुझेच राहिले गं."

"राहिले कुठे? माझ्यापाशीच आहेत की," आजी म्हणाल्या. "कागद आणा."

आजोबांनी खाली बसून आजींच्या पावलाभोवती पेन्सिल फिरवली. मग आजींचा बूट त्या रेषेवर ठेवला. रेषा दोन्ही बाजूंनी बाहेर आली. त्यांनी पाऊल उचलून पाहिलं, करंगळीला मोठा घट्टा पडला होता.

"कधीपासून चावतोय?"

"सून घरात आली त्याच्या आधीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"इतक्या प्रेमाने करायचात, कसं बोलू? आणि अहो, तुम्ही तरी कधी विचारलंत?"

गावच्या पोरांची पावलं जपणाऱ्या त्या माणसाच्या घरात हा दिव्याखालचा अंधार. पण मित्रांनो, मला त्यांचं कौतुक वाटतं, कारण त्यांनी एकही सबब सांगितली नाही. "चुकलं माझं," म्हणाले आणि ते पाऊल मांडीवर धरून बसून राहिले. नंतर हाती घेतलेलं सगळं काम बाजूला सारून त्यांनी आजींचे बूट केले. ते घालून आजी घरभर फिरल्या, आणि मग उगाचच जिना चढून उतरल्या.

म्हणून माझं एवढं ऐका. मला गुंडाळताना मुडपू नका, आत तारा तुटतात. जे मोलाचं आहे ते वेळेत दुसरीकडे उतरवून ठेवा. आणि घरच्या माणसांचं माप जुन्या फायलीत शोधू नका. समोर बसा आणि विचारा, कुठे चावतंय का?