बंद खोलीतली हवा

मित्रांनो, मी एक जुना प्राणवायूमापक आहे. मुठीत मावेल एवढी पिवळी पेटी, तिला आकडे दाखवणारी लहानशी खिडकी आणि पुढे एक आखूड नळी. ती नळी म्हणजे माझे नाक. टाकीतली हवा हुंगायची आणि तिच्यात प्राणवायू किती टक्के आहे ते सांगायचे, एवढेच माझे काम. काम असे, म्हणून स्वभावही तसाच झाला. मी कोणावर विश्वास ठेवत नाही. तुमच्यावरही अजून ठेवलेला नाही, राग मानू नका.

ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथल्या बाईने मला तीनदा तपासले आणि खोक्यात घातल्यावर पुन्हा बाहेर काढून चौथ्यांदा पाहिले. संशयाचे बाळकडू मला तिथेच मिळाले. मग जहाजाने सेबू बंदरात आलो आणि तिथून सुक्या मासळीच्या टोपलीशेजारी बसून, होडीने, या बेटावर.

इथे मला तेबानने घेतले. पाणबुड्यांच्या टाक्या भरणारा हा माणूस वयाने मोठा, म्हणून सगळे त्याला नोय तेबान म्हणतात. नोय म्हणजे दादा. टाक्यांत तो साधी हवा भरत नाही, नायट्रॉक्स भरतो. साध्या हवेत प्राणवायू एकवीस टक्के असतो, नायट्रॉक्समध्ये बत्तीस. त्याने खोल पाण्यात जास्त वेळ थांबता येते. पण मित्रांनो, बत्तीसचे चाळीस झाले आणि माणूस तसाच खोल गेला, तर तोच प्राणवायू शत्रू होतो. आधी ओठ फडफडतो, मग झटके येतात. पाण्याखाली झटका आला की पुढचे मी सांगायला नको.

म्हणून इथला नियम असा की ज्याने त्याने आपली टाकी माझ्याकडून हुंगवून घ्यायची, आकडा चिकटपट्टीवर लिहून टाकीला लावायचा आणि वहीत सही करायची. एकदा मी एका जाडजूड दंतवैद्याच्या टाकीत बत्तीसच्या जागी पन्नास पकडले. तेबानचा चेहरा पांढराफटक पडला. त्या दिवशी त्याने मला फळीवर, लाल झगा घातलेल्या बाळयेशूच्या मूर्तीशेजारी जागा दिली. "आमचा भोचक," तो सगळ्यांना सांगायचा, "दुसऱ्याच्या घरात नाक खुपसतो, पण खोटं बोलत नाही."

त्या शब्दांनी मी फुगलो. तेच माझे चुकले.

जानेवारीत इथे ईशान्येचा वारा सुटतो. आमिहान म्हणतात त्याला. खारट पाणी थेट खोलीत येते. त्या वर्षी तो इतका पिसाळला की तेबानने टाक्या भरायच्या खोलीच्या दोन्ही खिडक्यांवर फळ्या ठोकल्या. कामाला सुरुवात करण्यापूर्वी मला बाहेरच्या हवेत नेऊन, ही साधी हवा असे शिकवून, एकवीसवर लावायचे असते. पण वाऱ्यात माझ्या नाकात मीठ जाईल, या काळजीने तो मला खोलीतच एकवीसवर लावू लागला. माझ्याच भल्यासाठी.

तेव्हापासून माझ्या मनात पाल चुकचुकत होती. काहीतरी बिनसले होते.

पहिला संशय मेणबत्तीवाल्यावर. बाळयेशूचा सण जवळ आला होता, म्हणून तेबानची बायको पासिंग रोज मूर्तीपुढे मेणबत्ती लावायची. एरवी तास दीड तास चालणारी मेणबत्ती प्रार्थना संपायच्या आत संपू लागली. मेण हलके घातले असणार, मी म्हटले. पासिंगला मात्र आनंद झाला होता. "ज्योत बघ कशी लखलखते! यंदा देव प्रसन्न आहे."

दुसरा संशय एका पाहुण्यावर. खोल पाण्यात त्याचा ओठ फडफडला, म्हणून तो घाबरून वर आला. थंडी वाजली असेल म्हणून सगळे हसले. रात्रीची उतरली नसेल, असे माझे मत.

तिसरा संशय फ्लोर्देवर. ही तेबानची मुलगी, पाणबुड्यांना शिकवते. वही पाहावी तर अकरा टाक्यांपुढे एकाच हाताच्या अकरा सह्या. सही करताना ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. बापाने भरले म्हणजे बरोबरच असणार.

एवढे संशय घेतले मी, पण सगळे बाहेरच्यांवर.

अशात रोवेना आली. रियाधच्या इस्पितळात नर्स, बारा दिवसांच्या सुट्टीवर घरी आलेली, त्यातले शेवटचे तीन दिवस या बेटासाठी राखलेले. इथल्या समुद्रात, तीस मीटरखालच्या कड्यावर, पहाटे लांब शेपटीचे शार्क येतात. लहानपणापासून ऐकलेला तो मासा तिला एकदा डोळे भरून पाहायचा होता. साध्या हवेवर तिथे फार थांबता येत नाही, म्हणून ती फ्लोर्देकडे नायट्रॉक्सचे प्रमाणपत्र मिळवायला बसली. सकाळी पुस्तक वाचले, दुपारी लेखी परीक्षा दिली. उरले एकच काम. स्वतःच्या हाताने टाकी तपासायची.

टाक्यांना चिकटपट्ट्या लागलेल्याच होत्या. बत्तीस टक्के, तेहतीस मीटरच्या खाली जायचे नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचे, म्हणून बाकीच्या टाक्या होडीत चढलेल्या. रोवेनाने मला उचलले आणि तिची नजर कोपऱ्यात गेली.

"प्राणवायूच्या खोलीत मेणबत्ती?"

"नवस आहे गं बाई," पासिंग म्हणाली. "आणि कोपऱ्यात तर आहे."

रोवेना त्या ज्योतीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग विचारले, "टाक्या हा तपासतो. ह्याला कोण तपासतं?"

तेबानच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "सतरा वर्षं भरतोय मी टाक्या. तू रियाधहून मला शिकवायला आलीस?"

"तसं नाही नोय. आमच्याकडे औषधाची बाटली दोघी जणी वाचतात. दुसरी हुशार असते म्हणून नाही, पहिली माणूस असते म्हणून."

आणि मला घेऊन ती सरळ दाराबाहेर पडली.

"अगं, वाऱ्यात कुठे चाललीस त्याला घेऊन?" फ्लोर्दे मागून धावली.

रोवेनाने वाऱ्याकडे पाठ केली आणि मला पोटाशी धरले. मी हुंगले. मला वाटले, मी आंधळा झालो. माझ्या खिडकीत आकडा आला सतरा.

"भंगारात घाला त्याला," तेबान म्हणाला. "म्हातारा झाला."

मित्रांनो, जन्मभर दुसऱ्यांवर संशय घेतला, पण आपल्यावर आला की कसे वाटते ते मला त्या क्षणी कळले. आणि खरे सांगतो, मलाही तेबानचेच पटले होते.

फ्लोर्देने मात्र मला तिथेच, मोकळ्या हवेत, एकवीसवर लावले आणि पुन्हा खोलीत नेले. सव्वीस.

सगळे मेणबत्तीकडे बघत राहिले. पासिंगने पुढे होऊन चिमटीने ज्योत विझवली. बोट भाजले तरी वात पुरती विझेपर्यंत सोडली नाही.

फ्लोर्देने साबणाचे पाणी आणून टाक्यांत प्राणवायू नेणाऱ्या नळीच्या सांध्यांवर फिरवले. तिसऱ्या सांध्यावर फेस फुगू लागला. बंद खोलीत कितीतरी दिवस प्राणवायू गळत होता, आणि मी त्यालाच साधी हवा समजून बसलो होतो. म्हणून माझे सगळे आकडे कमी येत होते. रोवेनाची टाकी पुन्हा हुंगली. चाळीस. तीच टाकी पाठीवर घेऊन ती पहाटे तीस मीटर खाली जाणार होती, आणि तिच्या शेजारी फ्लोर्दे.

"बाबा, मी सही केली होती," फ्लोर्दे म्हणाली. "न बघता."

तेबानने आधी खिडक्यांच्या फळ्या उखडल्या. मग होडीतल्या टाक्या एकेक करून वाळूवर आणल्या आणि उघडून दिल्या. संध्याकाळपर्यंत किनाऱ्यावर फुसफुस चालू होती. शेवटच्या टाकीपाशी तो खाली बसला. रोवेना जवळ गेली तेव्हा तिच्याकडे न बघताच म्हणाला, "सतरा वर्षं, बाळ." ती त्याच्या शेजारी वाळूत बसून राहिली.

पहाटेची फेरी रद्द झाली. रोवेना खाली गेली ती शेवटच्या दिवशी, स्वतः मोजलेल्या बत्तीसवर. शार्क दिसला म्हणे. मला खात्री नाही, मी पाहिलेला नाही.

बाळयेशू आता स्वयंपाकघरात असतो. माझी पेटी उन्हाने पिवळ्याची पांढरी पडली आहे आणि नाकातली प्राणवायू ओळखणारी डबी दोनदा बदलून झाली. मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. मला कापडात गुंडाळा, मिठापासून जपा, पण माझ्यावर आंधळा विश्वास टाकू नका. मी ज्या हवेत बसतो, तिलाच खरी मानतो. मला आधी दाराबाहेर न्या.

तेबान आता रोज सकाळी मला किनाऱ्यावर नेतो आणि वाऱ्याकडे पाठ करून उभा राहतो. "काय रे भोचक, खरं बोलतोस ना?"

मी एकवीस दाखवतो. तो मान हलवतो, चार पावले पुढे जातो आणि पुन्हा विचारतो. मला त्याचा राग येत नाही.