बनुबाईची खुर्ची आणि मी

मी बाभळीच्या लाकडाचा पाट बोलतोय. पारनेर तालुक्यातल्या एका घरात, पिठाच्या डब्यामागे, मला भिंतीला टेकवून उभं केलेलं आहे. आडवा असला तरच पाट हा पाट, उभा केला की नुसती फळी. माझ्यासमोर एक लाल प्लास्टिकची खुर्ची आहे. खुर्चीवर उशी आहे आणि उशीवर बनुबाई बसते. हे मला दिवसभर बघावं लागतं, म्हणून बोलतोय.

बांधावरची एक बाभूळ वाळली, तेव्हा बनुबाईच्या नवऱ्यानं, कारभारींनी, ती पाडली आणि गावच्या सुताराकडून मला करून घेतलं. बनुबाई तेव्हा या घरात नवी होती. मी उंचीला चार बोटं, कोपऱ्यांना पितळी खिळे. ती माझ्यावर बसून चुलीपुढं भाकरी थापायची. तिच्या बसण्यानं माझं पोट हळूहळू झिजलं आणि तिच्याच आकाराचं झालं. दुसरं कुणी बसलं तर त्याला मी टोचतो. टोचावं अशीच माझी इच्छा असते.

मी मत्सरी आहे, हे लपवत नाही. सकाळी ती दाराच्या पायरीवर बसून मिश्री लावायची, तेव्हा मला त्या पायरीचा राग यायचा. बाजारच्या दिवशी ती टेम्पोत बसून जायची, तर टेम्पोचा. पण संध्याकाळी ती परत माझ्याकडे यायची, म्हणून मी ते सगळं सोसलं.

मग तिचा खुबा दुखायला लागला. आधी तिला वाटलं कंबर आहे, मग वाटलं गुडघा आहे. कळ जांघेतून निघायची आणि मांडीवर उतरायची. बसताना ती एक हात भिंतीला लावायची. उठताना तर दोन्ही हात माझ्यावर रोवायची आणि तोंडातल्या तोंडात "आई गं" म्हणायची. चोळून झालं, पट्टा बांधून झाला, पाय वाकडा पडायला लागला. शेवटी थोरला मुलगा कानिफनाथ, जो नगरला सावेडीत राहतो, तिला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. फोटो काढल्यावर कळलं की खुब्याचा सांधा पार झिजलाय आणि तो बदलावा लागणार.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "घरी कशावर बसता? पुढच्या वेळी त्याची उंची मोजून आणा." कारभारींना मोजण्यावर भरवसा नव्हता. त्यांनी मलाच खताच्या रिकाम्या गोणीत घातलं आणि एसटीनं नगरला नेलं. त्यामुळे पुढचं सगळं मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

गोणीतून मला काढून त्यांनी थेट टेबलावर ठेवलं. डॉक्टरीणबाई हसल्या. "अहो, उंची आणा म्हटलं होतं!"

"ही घ्या उंची," कारभारी म्हणाले. "आता तुमीच मोजा."

त्यांनी मोजलं नाही. नुसतं बघितलं आणि म्हणाल्या, "मावशी, ऑपरेशननंतर याच्यावर बसायचं नाही."

"किती दिवस?" बनुबाईनं विचारलं.

"मी सांगेपर्यंत. आणि इतकं खाली बसायला मी बहुतेक कधीच सांगणार नाही."

मी त्या टेबलावर पडून होतो. माझ्यादेखत माझा निकाल लागला आणि कुणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

कारभारींना वेगळीच काळजी होती. "आमच्या गावातल्या एकाला लई मोठा काप घेतलाय. तुमी लहान कापानं करता म्हणं. मंग एवढं कशाचं पथ्य?"

"लहान काप म्हणजे लहान ऑपरेशन नाही, बाबा," त्या म्हणाल्या. "कातडी मी कमी कापते. स्नायू जमेल तितके न कापता बाजूला सारते. त्यामुळे सहसा रक्त कमी जातं, सुरुवातीचं दुखणं थोडं कमी असतं, माणूस लवकर चालायला लागतो. पण आत झिजलेलं हाड काढायचं ते काढायचंच. नवी वाटी आणि नवा गोळा तोच बसतो. वर्षभरानं तुमच्या गावातला माणूस आणि मावशी शेजारी शेजारी चालले, तर कुणाचा काप मोठा होता हे ओळखू येणार नाही."

कानिफनाथनं घसा खाकरला. "मॅडम, राग मानू नका. अशा पद्धतीची तुम्ही बरीच केलीत ना?"

"राग कसला? हे विचारलंच पाहिजे. बरीच केली आहेत. कापाच्या लांबीपेक्षा करणाऱ्याचा हात किती सरावलेला आहे ते बघावं. आणि ही पद्धत सगळ्यांना जमत नाही. अंगानं फार जाड असेल, हाड फार वाकडं असेल, आधी तिथं ऑपरेशन झालेलं असेल, तर मोठा कापच बरा. मावशींना जमेल असं वाटतंय. पण आत नीट दिसलं नाही तर मी काप वाढवीन. तेव्हा शब्द फिरवला म्हणू नका."

मग पथ्यं निघाली. शुगर तपासायची. दात किडला असेल तर आधी दाखवायचा. मिश्री बंद, जखम भरायला वेळ लावते. मिश्री बंद झाली याचा मला तेवढ्यातही आनंद झाला. पायरीवर बसणं बंद.

ऑपरेशन झालं. मी घरी होतो. दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून ती चालली, असं फोनवर कळलं आणि घरात पेढे वाटले. माझ्या मनात वेगळंच चाललं होतं. मी इतकी वर्षं तिच्या अंगाखाली होतो. तो गोळा एका सकाळीत तिच्या अंगाच्या आत जाऊन बसला. तिच्या इतकं जवळ मी कधीच गेलो नव्हतो.

ती घरी आली ती या लाल खुर्चीसाठीच. गॅस टेबलावर चढला. परातीला उंच स्टूल मिळालं. संडासातही उंच बैठक आली. घरातलं सगळंच उंच झालं. मी तेवढा खाली राहिलो, म्हणून मला उभं केलं. कानिफनाथनं तिला पुन्हा पुन्हा बजावलं: पाय पायावर टाकायचा नाही, कमरेतून खाली वाकायचं नाही, पाय आत वळवायचा नाही, नाहीतर नवा गोळा वाटीतून निसटेल. पोटरी सुजली, ताप आला, जखमेतून पाणी आलं, तर लगेच डॉक्टरीणबाईंना फोन. अचानक दम लागला तर फोनचीही वाट बघायची नाही, गाडी काढायची. "काहींचं समोरून करतात, त्यांची पथ्यं वेगळी. तुझं मागून झालंय. लोकांचं ऐकू नको."

लोकांचं म्हणजे मुख्यतः कडूबाईचं. कडूबाई कारभारींची थोरली बहीण. धाकट्या गोरक्षचं लग्न आधीच ठरलेलं होतं आणि बनुबाई चांगली चालतेय म्हणून तारीख कुणी हलवली नाही. देवक बसवायच्या सकाळी कडूबाई आल्या आणि त्यांनी पहिल्यांदा मला डब्यामागून ओढून काढलं.

देवक बसवायला नवरदेवाचे आईबाप जोडीनं पाटावर बसतात. आमच्याकडे तशी रीतच आहे. मला धुतलं, पुसलं, हळदकुंकू लावलं. माझ्याभोवती रांगोळी काढली. कारभारींसाठी शेजारून दुसरा पाट आणला. आणि खुर्ची? खुर्ची कोपऱ्यात, तिच्यावर कुणाची तरी पिशवी. मी तिच्याकडे बघून घेतलं.

"वैनी, बस," कडूबाई म्हणाल्या.

"आक्का, मला खाली बसायचं न्हाई. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

"दाव बरं किती कापलंय." आडोशाला जाऊन त्यांनी पट्टी बघितली आणि मोठ्यानं बोलतच बाहेर आल्या. "एवढीशी तर खूण! माझ्या हाताला विळा ह्याच्याहून मोठा लागलाय, आन् मी दुसऱ्या दिशी खुरपायला गेल्ते. देवापुढं खुर्चीत बसती व्हय? देव खाली आन् ही वर!"

बायका हसल्या. बनुबाई हसली नाही. देव खाली आणि आपण वर, हे तिलाही टोचलं असावं. पोराचं लग्न होतं. तिनं एक हात कडूबाईला दिला, दुसरा एका पुतणीला. माझ्यासमोर आली. पाठ केली. तिच्या लुगड्याचा काठ माझ्या पितळी खिळ्याला लागला.

ये, मी म्हणालो. किती दिवसांनी. ये.

ती वाकायला लागली. गुडघे दुमडले. आणि मग तो पाय थरथरला. मला तिचं वजन पाठ आहे. कुठल्या बाजूनं किती येतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. ते वजन वाकडं येत होतं. बसली असती तर गोळा वाटीतून निसटला असता. डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या, लहान काप म्हणजे लहान ऑपरेशन नाही; आतलं अजून भरलेलं नव्हतं.

"थांबा!" बनुबाई ओरडली. "धरा मला. वर घ्या."

तिला उभं केलं. घाम पुसून ती म्हणाली, "आक्का, खूण वर हाय. हाड आतून कापलंय. ते तुमाला कुठं दिसतंय?"

"मंग देवाचं काय?"

"देवालाच वर घ्या की."

"वर घ्या म्हणं! उद्या म्हणशील देवाला खुर्ची द्या."

"द्या की. त्याचं बी वय झालंय."

आता कारभारीही हसले. भटजींनी एवढंच सांगितलं, "देव तुमच्यापेक्षा खाली नको. टेबलावर मांडा, चालतंय." मग टेबल आलं. टेबलावर मला ठेवलं, माझ्यावर तांदूळ, तांदळावर कलश. समोर दोन खुर्च्या. नवराबायको एका उंचीवर बसले. कडूबाई फुगून बसल्या, पण अक्षता टाकायला सगळ्यांच्या पुढं त्याच.

सगळ्यांनी माझ्यापुढं हात जोडले. तो मान मोठा होता. पण कलश गार होता. हातभर अंतरावर ती लाल बया बनुबाईला मांडीवर घेऊन बसली होती.

लग्न पार पडलं. मी पुन्हा डब्यामागे आलो. बनुबाई आता काठीनं देवळापर्यंत जाते. खुबा दुखणाऱ्या बायका तिच्याकडे येतात आणि आधी खूणच बघायला मागतात. ती म्हणते, "खूण नगा बघू. आपल्याला जमंल का ते इचारा, आन् नंतर काय करायचं न्हाई ते इचारा." मी ऐकतो. माझा राग गेलेला नाही. जाईल असं वाटत नाही.

बनुबाई, तुझ्याशी दोन शब्द. दुपारी घरात कुणी नसतं. तू पीठ घ्यायला डब्याशी येतेस आणि माझ्याकडे बघतेस, ते मला कळतं. क्षणभर टेकावं असं तुला वाटत असेल. मीही हाक मारीन, मला राहवणार नाही. पण मी कितीही बोलावलं तरी येऊ नकोस. पीठ घे, आणि जा, बस तिच्यावर.