टोपलीतली पांढरी रेघ

"यंदा खाडीत जिताड्याचं बीच नाय!" उरणजवळच्या आपल्या तळ्याच्या बांधावर बसून गणूने पुन्हा तेच गाऱ्हाणं लावलं.

चार दिवस तो कमरेएवढ्या पाण्यात जाळं ओढत होता. तळ्यात वाढवायला जिताडा माशाची बोटभर पिल्लं, म्हणजे बी, हवी होती. मिळाली फक्त सतरा! बी नाही, तर दोन वर्षांनी तळं रिकामं. मग आजोबांनी खणलेलं हे तळं बुजवून कंटेनर ठेवायला द्यायचं का? या विचाराने त्याला झोप नव्हती.

त्याची थोरली बहीण बायजा बाजारात मासळी विकायची. ती आज भावाकडे आली होती.

"कारखान्यांना दोष दे, नायतर नशिबाला दे," ती म्हणाली.

"मग काय माझा दोष हाय, बाय?"

तेवढ्यात गणूची सून रुतिका डबा घेऊन आली. भाजी मार्केटातल्या टाकाऊ भाजीवर तिने एका काळ्या माशीच्या अळ्या वाढवल्या होत्या.

"बाबा, आज तरी टाकून बघा. ही माशी घरातल्या अन्नावर बसणारी नाही. आणि अळ्यांत मासळीसारखाच कस आहे. थोड्यापासून सुरुवात करू."

"माझ्या जिताड्याला अळ्या? लोक म्हनतील, गणूचा मासा किडे खातो!"

"आनि खाडीतला जिताडा काय वरनभात खातो?" बायजा म्हणाली. रुतिकाने हसू पदराआड दाबलं.

गणू रागाने उठला. गावातल्या मच्छीमार निकेशच्या होडीवरून आलेली बारीक मासळीची टोपली त्याने उचलली. तळ्यातल्या मोठ्या जिताड्यांना खायला रोज एक टोपली जायची. वडिलांच्या वेळेपासून एकच रीत: टोपली पालथी करायची, आत बघायचं नाही.

बायजाने त्याचा हात धरला. "थांब! मी निवडल्याबिगर मासली विकत नाय, आनि तू निवडल्याबिगर टाकतोस?"

"खानं हाय ते, बाय. त्यात काय बघायचं?"

बायजा दगडावर फतकल मारून बसली. तिची बोटं भराभर चालू लागली. कोळंबीचा चुरा, बोय माशाची पोरं, घोळ माशाचं पिल्लू... आणि मग तिने एक काळपट पिल्लू वेगळं ठेवलं. त्याच्या डोक्यावरून पाठीपर्यंत पांढरी रेघ होती.

ती रेघ गणूने अंधारातही ओळखली असती!

बायजाने दुसरं ठेवलं. तिसरं ठेवलं. एकाच टोपलीतून तेवीस निघाली!

"जिताड्याचं बी..." गणू पिल्लांवर वाकला. "मी चार दिवस खाडीत शोधतोय, आनि रोज मीच तल्यात टाकतोय? खायला?"

"निकेशचं जालं बारीक आसाचं, भोकं एवढुशी, त्यातून काय सुटतंय? पन तो कुनासाठी वढतो रे? तू घेतोस म्हनून!" बायजाचा आवाज मऊ झाला. "तल्यातल्या पोरांना भरवायला आपन खाडीची पोरं मारतोय, गणू."

गणूने रुतिकाच्या हातातला डबा घेतला आणि मूठभर अळ्या पाण्यावर उधळल्या.

पाणी गप्प.

आणि धप्प! एक जिताडा उसळला! मग दुसरा! बघता बघता सगळं तळं उकळल्यासारखं झालं!

"खाल्ल्या! बाय, खाल्ल्या!" गणू लहान पोरासारखा ओरडला. "रुतिका, अजून आन! निकेशला फोन लाव, उद्यापासून टोपली नको म्हनावं. आनि मोठ्या आसाचं जालं लाव म्हनावं, मोठी मासली मी इकून देतो, म्हंजी ही माझी बाय इकून देते!"

"माझ्या जिवावर उदार!" बायजा म्हणाली, पण डोळे पुसत.

तेविसांतलं एक पिल्लू अजून तोंड हलवत होतं. गणूने ते तांब्यात घेतलं.

"तळ्यात सोडा ना बाबा. बी हवं होतं ना?" रुतिका म्हणाली.

"नाय पोरी, असं दमलेलं, मोठे गिलतील त्याला. याला खाडीत वाढू दे. दर्या देईल तवा घेऊ."

गणू खाडीवर गेला. पांढरी रेघ क्षणभर चमकली आणि पाण्यात मिसळली.

वाचकहो, जनावर असो की मासा, आपण त्याला जे खाऊ घालतो ते कुठून येतं, हे एकदा टोपलीत वाकून बघा. आपण फेकलेल्या भाजीतून त्याचा घास तयार होत असेल, तर खाडीची लेकरं कशाला मारायची? रीत जुनी आहे म्हणून ती न बघता पाळायची नसते. गणूला हे कळायला तेवीस पिल्लं लागली. आपल्याला एकही लागू नये!