न पाहिलेल्या सिनेमाची दवंडी

मी एक जुना भोंगा आहे, मित्रांनो, आणि मला राग आलेला आहे. आपली कहाणी सांगताना माणसानं सौम्य बोलावं, असं म्हणतात. पण मी माणूस नाही, आणि माझा जन्मच मुळी ओरडण्यासाठी झाला. तेव्हा जरा लांब बसा आणि नीट ऐका.

मुंबईच्या एका कारखान्यात मला घडवलं. पत्रा गोल वळवला, कडा दुमडल्या, मागे आवाजाचं यंत्र बसवलं आणि वरून हिरवा रंग मारला. आगगाडीनं मी मलकापूरला आलो आणि तिथल्या दुकानातून फिरत्या टॉकीजचे मालक जानराव यांनी मला घेतलं. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा एक-दोन वर्षं झाली होती. आमची टॉकीज म्हणजे एक मोठा तंबू, सिनेमाचं मशीन, धूर ओकणारं इंजिन आणि चार बैलगाड्या. सुगी आटोपली की आम्ही चिखलीहून निघायचो. जिथं बाजार भरतो तिथं तंबू ठोकायचा, आठ-पंधरा दिवस मुक्काम करायचा आणि पुढं जायचं. दिवसा मला छकड्यावर बांधून आसपासच्या गावांत फिरवायचे. छकडा हाकायला पुंजाजी आणि माझ्यातून बोलायला गुलाबराव.

गुलाबरावांबद्दल सांगतो. उंच, सडपातळ माणूस, गळ्यात बाराही महिने मफलर आणि आवाज असा की बैलसुद्धा कान टवकारायचे. पण लोक त्यांना आवाजासाठी मानत नव्हते. त्यांचा एक नेम होता. नवा सिनेमा तंबूत आला की ते आधी स्वतः बसून तो अख्खा बघायचे. मगच माइक हातात घ्यायचे, आणि जसा असेल तसा सांगायचे.

"मंडळी, गोष्ट चांगली हाय. मधात जराशी रेंगाळते. लेकरं झोपतीन, झोपू द्या. शेवटी मात्र जागं करा!"

आता सांगा, अशी जाहिरात कुणी करतं का? पण लोक यायचे. गुलाबरावांनी पाहिलाय म्हटलं की दुसरं काही विचारायचे नाहीत. मलाही त्याचा ताठा होता. दुसऱ्या टॉकीजचे भोंगे दिवसभर थापा मारत फिरायचे. माझ्या तोंडून तोवर एकही खोटा शब्द गेला नव्हता.

सुलतानपूरला तंबू लागला की कोसभरावरच्या एका वस्तीतून झुंबरबाई यायची. लहानपणी देवी येऊन तिचे दोन्ही डोळे गेले होते. हसू नका, मित्रांनो! आंधळी बाई सिनेमाला कशाला, असं तुमच्या मनात आलंच असेल. ती सिनेमा ऐकायची. सुनेचा, कोकिळेचा हात धरून यायची, बायकांच्या बाजूला पुढं बसायची आणि मान खाली घालून शेवटपर्यंत हलायची नाही.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या अंगणात वस्तीतल्या बायका जमायच्या. कुणाच्या पदरी तान्हं लेकरू, कुणाच्या घरी सिनेमाचं नाव काढायची सोय नाही. वच्छलाबाई तर लग्न होऊन आली ती शेत सोडून कुठं गेलीच नव्हती. शेंगा फोडता फोडता झुंबरबाई त्यांना अख्खा सिनेमा सांगायची. नायकाचा आवाज वेगळा, सासूचा वेगळा. एक वाक्य गाळायची नाही. बायका डोळे पुसायच्या, कुणी खलनायकाच्या नावानं बोटं मोडायची. म्हणजे बघा, त्या बायकांचा वर्षातला एवढाच सिनेमा. तो या एका म्हातारीच्या कानांतून यायचा. छकड्यावरून जाताना मी कितीदा तरी तो ऐकला आहे.

आणि मग तो सिनेमा आला. नावही घेत नाही त्याचं. घेणारही नाही.

आधी आली नुसती चित्रं. तंबूच्या उंचीची, लालभडक. सोबत एक छापील कागद: सहस्रमुखी राक्षस! फाटणारा समुद्र! उडता घोडा! काळीज घट्ट धरून बसा! सिनेमाच्या पेट्या मात्र खेळाच्या दिवशीच संध्याकाळच्या एसटीनं येणार होत्या. त्याआधी बघायला मिळणार कसा?

"मालक, पाह्यल्याबिगर मी काय सांगू?" गुलाबराव म्हणाले.

"कागदावर लिवलं ते वाच," जानराव म्हणाले. "तुले काय कोर्टात साक्ष द्यायची हाय?"

"लोकं इचारतात मले."

"मंग पाह्यला म्हण! कोण तपासाले येऊन राह्यलं? अन् जमत नसंन तर उद्यापासून घरी बस. बोंबलणारे लय भेटतात."

खेळाच्या दिवशी सकाळीच जानराव स्वतः छकड्यावर चढून बसले. गावोगाव आम्ही तो कागद ओरडत फिरलो. गुलाबरावांचा आवाज नेहमीचा नव्हता, मला आतून कळत होतं. पण एक बरं होतं, कागद वाचून ते थांबत होते. पाहिलाय असं म्हणत नव्हते.

झुंबरबाईच्या वस्तीवर छकडा थांबला तेव्हा ती काठी टेकत बाहेर आली.

"गुलाबभाऊ, राक्षस अन् समुद्र आइकला मी. तू पाह्यला का?"

गुलाबरावांनी जानरावांकडे बघितलं. जानरावांनी घसा खाकरला. माइक चालूच होता.

"पाह्यला, माय."

"गोष्ट हाय ना त्यात?"

"लय झाक गोष्ट हाय."

गेलं ते! माझ्या तोंडून गेलं, सगळ्या वस्तीनं ऐकलं. शेतातल्या माणसांनीही ऐकलं असेल. मला गप्प बसता येत नाही, मित्रांनो, हेच माझं दुर्दैव. मागून जे येईल ते पुढं फेकायचं, खरं असो की खोटं.

एरवी खेळाच्या वेळी मी तंबूबाहेर रस्त्याकडे तोंड करून गाणी वाजवत असे. सिनेमा कधी बघितलाच नव्हता, आणि बघायची हौसही नव्हती. पण या सिनेमाचा आवाज दणदणीत पाहिजे म्हणून जानरावांनी मला आत आणून मधल्या खांबाला बांधलं. तोंड तिरकं, थोडं पडद्याकडे, थोडं बायकांकडे. म्हणजे बघायचंही आणि ओरडायचंही. माझ्या समोरच झुंबरबाई बसली होती.

तंबू गच्च भरला. आणि काय सांगू तुम्हाला! सहस्रमुखी राक्षस म्हणे. तोंडं मोजून सात, त्यातली सहा कागदाच्या लगद्याची, आणि एक तर मानेवरून सारखं घसरत होतं. उडता घोडा वर गेला तेव्हा त्याच्या पोटाखालची दोरी मागच्या रांगेतल्या माणसालाही दिसली. समुद्र फाटला तो कुठल्या तरी हौदात, कारण लाटा आल्या आणि समोर आपटून परत गेल्या. बरं, हेही मी चालवून घेतलं असतं. आमच्याकडे गावच्या दंडारीच्या खेळात बांबूचे घोडे नाचतात, त्यांना कोण हसतं? पण तिथं घोड्यावर कोण बसलाय आणि कुठं निघालाय हे तरी कळतं. इथं कुणाचं कोण, कशासाठी भांडतात, काही पत्ता नाही. वीज कडाडली की राक्षस, राक्षस गेला की घोडा, घोडा उतरला की धूर. आणि सगळ्यांचा धडामधूम माझ्या नरड्यातून!

सुरुवातीला लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग जांभया आल्या. मग एकेक जण बिडी ओढायला बाहेर जाऊ लागला.

झुंबरबाई मात्र उठली नाही. मान आणखी खाली घातली.

"कोकिळे, आता काय झालं वं?"

"धूर निघाला, आत्याबाई."

"मंग?"

"मंग पुन्हा धूर निघाला."

"अन् ती राजाची पोरगी? मघाशी रडून राह्यली होती ते?"

"ती दिसूनच नाई राह्यली. मेली का काय, माहीत नाई."

झुंबरबाईनं कानावरचा पदर मागं सारला आणि तोंड माझ्याकडे वळवलं. तिला वाटलं असावं, आपलंच ऐकायचं चुकतंय. आणि मी तिच्या तोंडावर ढगांचा गडगडाट फेकत होतो. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पुन्हा छकडा घेऊन निघालो. जानराव तंबूतच झोपले होते. वस्तीवर आलो तेव्हा अंगणात बायका जमल्या होत्या, सुपांत शेंगा होत्या, पण अंगण गप्प होतं. पुंजाजीनं आपोआप बैल थांबवले.

"सांग ना, बाई," वच्छलाबाई म्हणाली. "कालपासून वाट पाहून राह्यलो."

"म्या काहीच नाई आणलं, बायांनो," झुंबरबाई म्हणाली.

"असं कसं? गुलाबभाऊनं सांगितलं ना, झाक गोष्ट हाय म्हणून. त्यानं पाह्यला."

"तेच तं! त्यानं पाह्यला म्हणजे गोष्ट असंनच. मलेच आइकू आली नाई. नुसता गोंगाट." दोन्ही हात तिनं कानांवर ठेवले. "डोळे तं गेलेच होते. आता कानही चालले वाटते माहे. पुढच्या बारीले दुसरीले धाडा."

ऐकलंत? सिनेमा टाकाऊ, थाप जानरावांची, खोटा शब्द गुलाबरावांचा, आणि दोष घेतला कुणी? आंधळ्या म्हातारीनं, स्वतःच्या धडधाकट कानांवर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली असती, पण मला पायही नाहीत. मला वाटत होतं, दोरी तोडून गुलाबरावांच्याच डोक्यात पडावं.

गुलाबरावांनी मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला.

"चला, पुढं तीन गावं हायेत," ते हळूच म्हणाले.

पुंजाजीनं बैल हाकले नाहीत. तो एरवी बोलणारा माणूस नव्हता. म्हणाला, "काऊन? तिचे कान घेऊन पुढं जाता काय?"

मग माझ्या मागं खट्ट झालं. माइक चालू झाला होता.

"मंडळी, मी गुलाबराव बोलून राह्यलो. काल मी इथं खोटं बोललो. तो सिनेमा म्या पाह्यला नव्हता. राती पाह्यला. त्यात गोष्ट नाई. आज ज्यायचा जाण्याचा इचार असंन त्यायनं जाऊ नये. झुंबरबाईचे कान धड हायेत. तिले जे आइकू आलं नाई ते त्यात नव्हतंच."

माझा आवाज तेव्हा कसा लागला म्हणून सांगू! आयुष्यात मी तितका मोकळा कधी ओरडलो नाही.

झुंबरबाई उठून काठीनं वाट चाचपत छकड्यापाशी आली. मला वाटलं, आता ती त्याला माय-बाप म्हणेल. छे!

"मेल्या!" ती कडाडली. "रातभर मी उशाचा तांब्या वाजवून पाहत बसली, आइकू येते का नाई म्हणून! तुले काय जातं खोटं बोलाले?"

"चुकलं, माय."

"चुकलं म्हणून भागत नाई. बाया बसल्या हायेत. उतर खाली. तू खरंच पाह्यलेला एखांदा असंन, तो सांग."

आणि गुलाबराव उतरले, बायकांपासून जरा अंतर राखून बसले आणि शेंगा फोडत एक जुना सिनेमा सांगू लागले. अडखळत सांगितला. मधे मधे झुंबरबाईच त्यांना दुरुस्त करत होती, कारण तो तिनंही ऐकलेला होता, आणि तिला एकेक वाक्य पाठ होतं. तासाभरानं ती हसली. तिचे कान तिला परत मिळाले होते.

ती तीन गावं राहिलीच. संध्याकाळी तंबू निम्मा रिकामा होता. जानरावांनी गुलाबरावांना हाकलून दिलं आणि रागाच्या भरात मला छकड्यावरून खाली लोटलं. माझी कड चेपली, आतलं यंत्र निकामी झालं. गुलाबरावांनी मला खांद्यावर घेऊन वस्तीवर आणलं आणि झुंबरबाईच्या ओसरीत टांगलं. पुढं ते दुसऱ्यांच्या शेतात राबले. दवंडी पुन्हा त्यांनी दिली नाही. पण दर वर्षी कुठं ना कुठं सिनेमा बघून यायचे आणि त्या अंगणात सांगायचे.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, असं मी म्हणणार नाही. गंज चढला तरी चालेल, कोंबडी माझ्यात अंडी घालते तेही चालेल. पण माझ्या तोंडाला तोंड लावण्याआधी, जे ओरडणार आहात ते स्वतः बघून या. तुम्ही सहज बोलून जाता, आणि कुणी तरी तुमच्या शब्दावर आपले धड कान मोडीत काढतं.

परवाच एक माणूस आला होता. काखेत लालभडक चित्रांची गुंडाळी. म्हणे, नवीन सिनेमा लागला आहे, असा कधी झाला नाही. यंत्र नसलं तरी तोंड लावून ओरडायला चालेल म्हणून त्यानं मला खुंटीवरून काढलं.

झुंबरबाई आता फार थकली आहे. तिनं खाटेवरून नुसतं विचारलं, "तू पाह्यला का बे?"

माणसानं काखेतली गुंडाळी सावरली.

"नाई ना? मंग टांग त्याले जिथल्या तिथं."